मारामारीचे गुण

सिनेमा चांगला की वाईट हे ज्याच्या त्याच्या आवडीवर असतं, असं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर मूर्खात काढत आलोय. तीस वर्षं मी पडद्यावरची मारामारी बसवतोय. ठोसा आणि गाल यांच्यात चार बोटांचं अंतर लागतं. कॅमेरा कुठे ठेवला की ते दिसत नाही, आणि मान किती उशिरा वळली की ते उघडं पडतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. यात आवडनिवड आली कुठे? लाथ जमली तर जमली, नाही तर नाही. म्हणून सिनेमांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी एका पायावर तयार झालो. म्हटलं, या पुस्तकी मंडळींना एकदा दाखवूच मोजमाप कशाला म्हणतात ते.

आम्ही तिघं होतो. एक समीक्षक, त्याला सिनेमा आवडला की डोळे मिटून बोलायची सवय. एक जुन्या नटी, सगळे त्यांना बाई म्हणायचे. बोलायच्या कमी आणि हसायच्या त्याहून कमी. तिसरा मी. बारा खुर्च्यांचं छोटं प्रेक्षागृह, कोपऱ्यात चहाची किटली. सिनेमा संपला की छापील तक्त्यात गुण भरायचे. कथा, अभिनय, छायाचित्रण, ध्वनी आणि साहसदृश्यं, म्हणजे आपल्या भाषेत मारामारी. प्रत्येकी दहा गुण आणि खाली सही. सही झाली की खाडाखोड नाही, हा नियम मीच भांडून करून घेतला.

"अहो मास्तर, माणसाचं मत बदलू शकतं," समीक्षक म्हणाला.

"मोजपट्टी बदलते का?" मी म्हटलं. बाईंनी चहाचा घोट घेतला.

चौथ्या दिवशी तो सिनेमा लागला. नवरा बायकोला स्वयंपाकघरात मारतो, एकच शॉट, अडीच मिनिटं, कुठे काटछाट नाही. केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटतो. ती कोसळते. मग लाथा. पोटात, बरगडीत, पाठीत, पुन्हा पोटात. बायकोचा चेहरा केसांनी झाकलेला, म्हणजे नटीच्या जागी डुप्लिकेट आहे हे मी ओळखलं. त्यात काही नवल नव्हतं. नवल होतं लाथांचं. पाय कुठे आखडत नव्हता, कुठे चोरी नव्हती, आणि प्रत्येक लाथेला अंग जे हिसकत होतं ते पाहून मी खुर्चीत पुढे सरकलो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं एकही काम झालं नाही, हे मनाला लागलं. पण मी कोत्या मनाचा नाही. मारामारी, दहापैकी दहा. ठोकली सही. शेवटी श्रेयनामावलीत फाइट मास्टरचं नावच नव्हतं. बिचाऱ्याला विसरले वाटतं, म्हणून मी हसलोसुद्धा.

शेवटच्या दिवशी बेरजा करण्याआधी तो प्रसंग पुन्हा बघायची हुक्की समीक्षकाला आली.

"तो हात बघा!" तो म्हणाला. "पाचव्या लाथेनंतर ती तळवा फरशीवर आपटते. दोनदा. मग पुन्हा दोनदा. केवढी असहायता आहे त्यात! हे सुचायला प्रतिभाच लागते."

पहिल्या वेळी माझी नजर लाथांवरच होती. आता मी हात बघितला आणि खुर्चीतून उठलोच.

तळव्याच्या दोन थापा म्हणजे 'थांबा'. आमच्या धंद्यातली ही खूण आहे. ओरडणं अभिनयात जमा होतं, म्हणून ओरडण्यावर कुणी विसंबत नाही. थापा पडल्या की पाय हवेत असला तरी तिथेच रोखायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि ही थाप मनगट बाहेर वळवून पडत होती. तशी थाप मारणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. माझी भाची.

बहीण गेल्यावर मीच तिला वाढवलं, मीच धंद्यात आणलं. कुठूनही पडली तरी उसळून उभी राहायची, म्हणून सगळे तिला चेंडू म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी मी बाहेरच्या कामावर होतो तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं. तीन बरगड्या मोडलेल्या, पोटातली प्लीहा फाटली म्हणून काढून टाकलेली. "जिन्यावरून घसरले, मामा," म्हणाली. आणि मी हसलो. "साठ पायऱ्या गडगडत येणारी तू, आणि फुकटात पडलीस होय गं?" तीही हसली, बरगड्या धरून. त्यानंतर ती कामावर आली नाही.

"बंद करा ते," मी म्हणालो. "मार खरा आहे. ती पोरगी थांबा म्हणतेय."

समीक्षकानं डोळे मिटले. "हेच तर यश आहे! तुमच्यासारख्या जाणत्यालाही खरं वाटलं."

"वाटलं नाही, आहे! भाची आहे ती माझी. प्लीहा काढलीय तिची."

त्यानं डोळे उघडले. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "चौकशी व्हायलाच हवी. पण मास्तर, तो प्रश्न वेगळा. पडद्यावर जे उतरलंय त्याचा दर्जा त्यानं कमी होत नाही. तुम्हीच दहा दिलेत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गचांडी धरून मी त्याला उठवला, हात पाठीमागे पिरगाळला आणि तोंड भिंतीवर दाबलं. त्याचा चष्मा माझ्या बुटाखाली चुरडला. नाकातून रक्त आलं.

"मार थापा!"

त्यानं मोकळ्या हातानं भिंतीवर थापा मारल्या. मी पिरगाळलेला हात आणखी वर चढवला. "कसा आहे अभिनय? किती देऊ?" तो थापा मारत राहिला. खांद्यातून कट्ट असा आवाज झाला आणि तो किंचाळला. तीस वर्षांत मी कुणाला खरं मारलं नव्हतं. लाजिरवाणं आहे, पण सांगतो, मला बरं वाटलं.

बाईंनी गरम चहाची किटली माझ्या पाठीवर रिकामी केली. "सोडा त्याला," त्या म्हणाल्या. "लाथा त्यानं नाही मारल्या."

मी सोडला. बाईंनी रिकामी किटली खाली ठेवली.

"मी दोन दिले होते," त्या म्हणाल्या. "मला बघवेना. का, ते सांगता आलं नाही, म्हणून गप्प बसले. तुमच्यासारखं मोजमाप कुठे येतं मला?"

मला हाकलून दिलं. पोलिसांत तक्रार झाली ती वेगळीच. मी ओरडून ओरडून सांगितलं की माझे दहा काढून टाका. आयोजकांनी नियमावर बोट ठेवलं. तो सिनेमा दोन गुणांनी पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीकडे गेलो. ती खिडकीत बसून शर्टाला बटणं लावत होती. वाकायचं नाही अशी कामं आता ती घेते.

"का नाही सांगितलंस मला?"

तिला लगेच कळलं. "सांगितलं असतं तर तू त्या नटाचे पाय तोडले असतेस. मग आपल्या फाइटवाल्या चौदा जणांना पुन्हा कुणी कामासाठी दारात उभं केलं असतं का?"

"त्या नटाला खूण कळली नाही?"

"कळली ना. पाय थांबला होता त्याचा. दिग्दर्शक ओरडला, चालू ठेव, मस्त जमतंय."

मला रडू फुटलं. तिनं सुई शर्टात खोचून ठेवली.

"मामा, मला तो शॉट कुणी दाखवलाच नाही. तू परीक्षक होतास ना? किती दिलेस?"

खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "दहा."

तिचा चेहरा खुलला. कितीतरी महिन्यांनी.

"दहा? तालमीत तू मला कधी सातच्या वर दिले नाहीस."