हापसेवाल्याची पोर्तुगीज वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. मला उलट्या बाजूने पाहिलेत, तर मी अजूनही उस्मानाबाद जिल्ह्यातच राहते.

माझे कागद मुळात कचेरीचे छापील तक्ते होते. वर 'जिल्हा उस्मानाबाद' आणि खाली गाव, विहिरी, जनावरे अशा माहितीच्या चौकटी. पुढे एका पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला. पेढे वाटले गेले, आणि माझ्यासारखे कितीतरी तक्ते एका दिवसात निकामी ठरले. आमचे गठ्ठे रद्दीत निघाले. ते उचलले लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळच्या चांदपाशा बाइंडरने. त्याने आमच्या छापील बाजू नाकारल्या नाहीत, की पुसल्याही नाहीत. पाठकोरे कागद जुळवले, दाभणाने भोके पाडली, दोरा ओवला, निळा पुठ्ठा चिकटवला, आणि मी वही झाले.

मला घ्यायला आला व्यंकटी. चाकूरचा हा माणूस हातपंप दुरुस्त करायचा. आमच्याकडे हातपंपाला हापसा म्हणतात, म्हणून गावोगाव लोक त्याला 'हापसेवाला' म्हणत. चांदपाशाने त्याचा चेहरा पाहून विचारले, "कचेरीत गेलतास जनू?"

"गेलतो की. म्हनले, तुजं नाव जुन्या जिल्ह्याच्या यादीत हाय, तिकडं जा. तिकडं गेलो तं म्हनले, तुजी गावं नव्या जिल्ह्यात गेली, तू बी तिकडलाच."

"मंग आता?"

"आता कोन्याच यादीत न्हाई. धा वर्सं रोजंदारीवर नटाचे पाने फिरवले, ते बी बंद."

चांदपाशा हसला, पण त्या हसण्यात बोचणे नव्हते. त्याने मला पालथे करून छापील बाजू दाखवली. "ह्ये बघ. तू अन् ह्ये तक्ते, एकच गत. पर पाठ कोरी हाय ना? घेऊन जा. लेकीला व्हईल."

अशी मी चाकूरला आले. व्यंकटीची मुलगी पंचशीला तेव्हा आठवीत होती. तिने माझ्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात आपले नाव घातले, आणि मी शाळेत जाणार म्हणून खूश झाले. पण माझ्या नशिबी शाळा नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात व्यंकटी खडी फोडायच्या कामावर होता. तेव्हा गावात बोअर पाडणारी मशीन आली. जमिनीच्या पोटातून दोनशे फुटांवरचे पाणी वर येताना त्याने पाहिले आणि हातातला हातोडा ठेवून तो त्या मशीनमागे गेला तो गेलाच. पाइप वाहता वाहता तो हापशाचा कारागीर झाला. आता पुन्हा पावसाने दोन वर्षे डोळे वटारले होते. गावोगाव हापसे बंद पडत होते, बाया घागरी घेऊन दोन दोन कोस चालत होत्या, आणि हापशाची नाडी ओळखणारा माणूस घरात बसून होता. सुमनबाई, म्हणजे पंचशीलाची आई, म्हणायची, "आवो, दाराम्होरलं खोरं तरी दुरुस्त करा. हात गंजतील तुमचे."

एके दिवशी एक कागद आला. आफ्रिकेतल्या मोझांबिक देशातही दुष्काळ होता. तिथे आपल्यासारखेच हातपंप बसवले होते, पण दुरुस्त करणारे नव्हते. इथले अनुभवी कारागीर दोन वर्षांसाठी तिकडे पाठवायचे ठरले होते. व्यंकटीच्या जुन्या साहेबांनी त्याचे नाव सुचवले होते. अट एकच. तिथे पोर्तुगीज बोलतात, आणि कामाची पुस्तके इंग्रजी व पोर्तुगीज अशा दोन भाषांत आहेत. सोबतच्या टंकलिखित यादीत बेचाळीस इंग्रजी क्रियापदे आणि त्यांच्यासमोर पोर्तुगीज क्रियापदे होती. ती तोंडपाठ करून महिन्याभराने नांदेडला तोंडी परीक्षा द्यायची.

व्यंकटी सातवी शिकलेला. त्याने यादी उलटीपालटी करून पाहिली. "पंचे, ह्ये माज्या बापजन्मात जमनार न्हाई."

"जमंल, बाबा. मी हाय ना."

तिने माझ्यावर पट्टीने दोन रेघा मारून तीन रकाने पाडले. पहिला इंग्रजी, दुसरा पोर्तुगीज, तिसरा मराठी. पोर्तुगीज शब्द म्हणायचा कसा, हे मात्र चाकुरात कुणाला ठाऊक असणार? दवाखान्यात गोव्याच्या एक नर्सबाई होत्या. त्या लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेल्या होत्या. पंचशीला मला छातीशी धरून रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायची. बाई मलमपट्टी करता करता शब्द सांगत, ती देवनागरीत लिहून घेई. ओपन, अब्रीर, उघडणे. क्लोज, फेशार, बंद करणे. होल्ड, सेगुरार, धरणे.

दहा दिवस व्यंकटीने यादी वरून खाली घोकली. सकाळी पाठ झालेले दुपारी जाई. सुमनबाई भाकरी थापता थापता टोमणा मारी, "बाप शाळेत अन् लेक मास्तरीन! पान्याला मीच जायचं का आता?" एकदा तर त्याने मला भिंतीकडे भिरकावले. माझा एक कोपरा तेव्हाच दुमडला, तो आजही तसाच आहे. पण मला राग आला नाही. त्याचे डोळे मी पाहिले होते.

मग एक दिवस शेजारच्या वस्तीवरचा हापसा बंद पडला. साखराबाई नावाची म्हातारी व्यंकटीला बोलवायला आली. "तुजं नाव यादीत असू दे न्हाई तं नसू दे, आमच्या घागरीला काय त्याचं?" तो गेला, मागून पंचशीला मला घेऊन गेली. आणि तिथे तिने पाहिले, की बाबाच्या हातांना काहीच आठवावे लागत नाही. झाकण उघडले, की हात आपोआप नटाकडे जात. साखळी सोडली, की दांडा निघे. पाइप वर येण्याआधी तो धरून ठेवणारा शिकंजा लागे.

ती तिथेच मातीत बसली. तिने माझे नवे पान उघडले आणि यादी पुन्हा लिहिली, पण कामाच्या क्रमाने. आधी ओपन. मग लूझन. मग लिफ्ट, मग होल्ड. बाबाने हात फिरवायचा आणि तिने शब्द म्हणायचा. सगळ्यात शेवटी पाणी आले, तेव्हा साखराबाईने ओंजळ धरली आणि पंचशीला ओरडली, "ड्रिंक, बेबेर, पिणे!"

"काय बरळून राहिली गं पोर?" साखराबाई म्हणाली.

"पोर्तुगीज हाय, मावशे," व्यंकटी म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी हसला.

आठ दिवसांत बेचाळीसच्या बेचाळीस शब्द त्याला आले. लेकीने शोधलेल्या वाटेवर बाप इतका खूश होता, आणि बापाच्या हातांवर लेक इतकी, की एक साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. मित्रांनो, ती माझ्याही ध्यानात आली नाही.

परीक्षेच्या दिवशी दोघे पहाटेच्या एसटीने नांदेडला गेले. मी व्यंकटीच्या पिशवीत होते. एका कचेरीच्या खोलीत मुंबईहून आलेले परीक्षक साहेब बसले होते. त्यांच्या शेजारी मोझांबिकचे एक पाहुणे होते. पंचशीला दाराबाहेरच्या बाकावर बसली. साहेबांनी व्यंकटीच्या हातातून मला घेऊन, मिटून टेबलावर ठेवले, टंकलिखित यादी समोर धरली आणि विचारले,

"क्लोज?"

व्यंकटीचे दोन्ही हात टेबलाखाली हलू लागले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फेशार."

"ड्रिंक?"

पुन्हा हात. साहेबांनी घड्याळ पाहिले. "अहो, येतंय की नाही? आणि हे हातांनी काय चाललंय तुमचं?"

"हापसा काढून राहिलो, साहेब."

"काय?"

"आता पाइपापर्यंत आलो. धा मिन्टं द्या, पान्यापर्यंत येतो."

दाराबाहेर पंचशीला बाकावरून उठून दाराशी आली. साहेब यादी वरून खाली, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने विचारत होते, आणि बाबाला प्रत्येक शब्दासाठी पहिल्या नटापासून सुरुवात करावी लागत होती. हे तिने केले होते. तिच्याच पद्धतीने बाबा नापास होणार होता.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हाला कुणी शिकवलं हे? सगळं चुकीचं शिकवलंय."

आतापर्यंत खुर्चीच्या कडेवर बसलेला व्यंकटी नीट मागे सरून बसला. "माज्या लेकीनं शिकवलं. अन् तिनं बराबर शिकवलंय, साहेब. चूक तुमची यादी हाय."

"माझी यादी?"

"तिच्यात बघा की. हापसा बंद करा, पानी प्या, हे वरीच हाय. अन् उघडा, हे लई खाली. तुमच्या यादीपरमानं केलं तं पानी आधी प्यायचं अन् हापसा मागून उघडायचा. असा हापसा कोन्या देशात असतो?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांनी इंग्रजीत काय झाले ते विचारले. साहेबांनी अनिच्छेने सांगितले. पाहुणे क्षणभर व्यंकटीच्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टंकलिखित यादी हळूच पालथी घातली आणि हातानेच खूण केली, सुरू करा.

व्यंकटी उभा राहिला. समोर रिकामी फरशी होती. तिच्यावर त्याने हापसा पाहिला. "ओपन, अब्रीर. लूझन, सोल्तार. लिफ्ट, लेवांतार..." शब्दामागून शब्द, आणि प्रत्येक शब्दाला त्याचा हात. पाइप एकामागून एक वर आले, आतला झिजलेला वायसर बदलला, सगळे धुऊन पुन्हा खाली गेले, नट आवळले. बेचाळिसाव्या शब्दाला पाहुण्यांनी आपणहून ओंजळ पुढे केली.

व्यंकटीची निवड झाली.

बाहेर पंचशीला रडत होती. तो म्हणाला, "पास झालो की गं, बाई!"

"पन मी चुकीचंच शिकवलं होतं, बाबा. त्यांनी विचारलं तसं यायला पायजे होतं."

"त्यांनी विचारलं तसं शिकलो असतो, तं आजपरयंत इसरलो असतो," तो म्हणाला आणि तिला गुरुद्वाराजवळ लंगरात जेवायला घेऊन गेला.

मित्रांनो, त्याच्याबरोबर मीही समुद्रापार गेले. लाल मातीची गावे पाहिली, आपल्यासारख्याच रांगा पाहिल्या, फक्त घागरींच्या जागी पिवळे डबे होते. व्यंकटीने तिथल्या बायकांना हापसा दुरुस्त करायला शिकवले, तेही पंचशीलाच्या क्रमाने. संध्याकाळी तो मला मांडीवर घेई. आता यादीबाहेरचे शब्द लागत होते, आणि ते तो स्वतः लिही. तिसऱ्या रकान्यात मराठी, मधल्या रकान्यात कुणाला तरी विचारून पोर्तुगीज. वाट पाहणे, इश्पेरार. थकणे, कान्सार. हसणे, रीर. परत जाणे, वोल्तार. पहिला रकाना मात्र तो तसाच सोडी. त्या पानाच्या माथ्यावर त्याने लिहिले होते, 'इंग्रजी पंचशीला भरील.'

दोन वर्षांनी तो परतला. नव्या जिल्ह्याने त्याचे नाव आता कायमच्या यादीत घातले. पंचशीला नांदेडला वसतिगृहात होती. पुढे ती मुखेडच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाली, तिचे लग्न झाले, मुले झाली. ती घरी आली की व्यंकटी म्हणायचा, "पंचे, वहीत तुजं थोडं काम ऱ्हायलंय." ती म्हणायची, "हाव बाबा, पुढच्या खेपेला." तिच्या डोक्यावर दहावीच्या पेपरांचे गठ्ठे असत. तिची चूक नव्हती. मी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले. एका कडेने मला कसर लागली. तो अधूनमधून पेटी उघडून मला ऊन दाखवी.

गेल्या उन्हाळ्यात व्यंकटी गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सुमनबाईने पेटी लेकीपुढे सरकवली. पंचशीलाने मला उघडले. आपले आठवीतले अक्षर पाहून ती जराशी हसली. मग पाने उलटत ती 'इंग्रजी पंचशीला भरील' या ओळीशी आली.

ती उठली, पेन आणले आणि भिंतीला टेकून बसली. सगळे शब्द पाचवीतल्या पोरालाही यावेत इतके सोपे. वेट. टायर. लाफ. रिटर्न. एकशे सोळा ओळी तिने एका बैठकीत भरल्या. सुमनबाईने दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा गार झालेला परत नेला. शेवटची ओळ लिहून झाल्यावर पंचशीलाने मला उचलले आणि पहिल्या ओळीपासून सावकाश, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"कुणाला वाचून दाखवून राहिली गं?" सुमनबाईने विचारले.

"तू बस, माय," ती म्हणाली.

आणि सुमनबाई बसली. तिला इंग्रजी येत नाही, पोर्तुगीज येत नाही. तिसऱ्या रकान्यातला शब्द आला की ती मान हलवायची.

मित्रांनो, आता माझे तिन्ही रकाने भरले आहेत, कोपरा दुमडलेला आहे आणि एक कड कसरीने खाल्ली आहे. मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरातल्या कुणी जुन्या माणसाने एखाद्या वहीत तुमच्यासाठी जागा सोडली असेल, तर ती शोधा. आणि पुढच्या खेपेला म्हणू नका. त्या दिवशी पंचशीलाने एकशे सोळा ओळी वाचल्या आणि एकही शब्द चुकला नाही. व्यंकटी असता, तर ते शब्द त्याच्याच क्रमाने ऐकून त्याला एका बैठकीत सगळे इंग्रजी कळले असते.