सात मात्रांचा फेर

आमच्या बँडचं नाव होतं बोर्दाज. नदीच्या काठाला धरून राहिलेल्या बर्फाला आमच्याकडे तसं म्हणतात. नाव रेझाँने ठेवलं होतं. तो गिटार वाजवायचा, गायचा, आणि बँडची सगळी मतंही त्याचीच असायची. ड्रमवर नॉर्मां, बेसवर त्याचा अबोल चुलतभाऊ लुसियँ, आणि पियानो, ऑर्गन, मेलोट्रॉन मिळून जेवढ्या म्हणून पट्ट्या होत्या त्यांच्यावर मी, गिस्लेन.

शहात्तर सालचा फेब्रुवारी होता. मॉन्ट्रियलच्या कॉलेजांमध्ये आमचं बरं चाललं होतं. पोरं जमिनीवर मांड्या घालून, डोळे मिटून ऐकायची. आमची एक रचना बावीस मिनिटांची होती. तिचा शेवटचा भाग मी बांधला होता, सात मात्रांचा. मात्रा माझ्या आत्याच्या. आत्या भांडी घासताना तोंडाने धून गुणगुणायची आणि दर वेळी शेवटची मात्रा गिळून टाकायची. तिला विचारलं तर म्हणायची, "मला अशीच येते, तुला काय करायचंय?" रेझाँला मात्र खात्री होती, की या सात मात्रा मी इंग्लंडच्या बँडांकडून उचलल्या. मी त्याला दोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं.

तर त्या महिन्यात दूर पूर्वेला, गास्पेच्या किनाऱ्यावरच्या एका गावाने आम्हाला बोलावलं. गावात कार्निव्हल होता. दोन दिवस बर्फातून व्हॅन हाकत आम्ही चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पोचलो. पाहतो तर सगळ्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आणि मधली फरशी साबणाने घासून, मेणाने चकचकीत केलेली.

"लोक बसणार कुठे?" रेझाँने विचारलं.

"बसतील कशाला?" फेर्नांद थेरियो म्हणाली. हॉलच्या चाव्या, स्वयंपाकघर आणि बहुधा गावही तिच्याच ताब्यात होतं. "नाचायला येतायत ना ते. तुम्ही बँड ना?"

"आम्ही नाचाचा बँड नाही, मादाम."

"मग कसला? बसून रडायचा?"

स्वयंपाकघरात डुकराच्या पायांचा रस्सा रटरटत होता. रेझाँ आम्हाला तिथे एका कोपऱ्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "सामान उचला. मी नाचाच्या रील-बील असल्या धुनी वाजवणार नाही. आपण म्हाताऱ्यांच्या लग्नात आलोय का?"

"मी आधी जेवणार," नॉर्मां म्हणाला.

"आपण आपलंच वाजवायचं," मी म्हणाले. "पूर्ण बावीस मिनिटं. नाचायचं की नाही ते त्यांचं ते बघतील."

"हसतील गं आपल्याला."

"हसू देत. चांगलं आहे ते, रेझाँ. मला माहितीये चांगलं आहे."

मला खरंच माहीत होतं. चोवीस वर्षांची होते मी, आणि त्या भागाबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती.

मेलोट्रॉन थंडीने गारठला होता. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत असते, आणि थंडीत त्या फिती बेसूर होतात. फेर्नांदने घरून केस वाळवायचं यंत्र आणून दिलं आणि मी त्याच्या पोटात गरम हवा सोडत बसले. "बाळंतिणीसारखे लाड चाललेत याचे," ती म्हणाली.

हॉल भरला. आम्ही सुरू केलं. पहिला भाग संथ, धुक्यासारखा. लोक जोडीजोडीने फरशीवर उभे राहिले, हातात हात घेऊन वाट पाहत. कोणीतरी खोकलं. एक बाई नवऱ्याला चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "यंत्र अजून तापलं नसेल." रेझाँचे कान लाल झाले, पण तो गात राहिला.

मग माझा भाग आला. नॉर्मांने सात मात्रा धरल्या, लुसियँचा बेस खालून आला, आणि मी आत्याची धून उजव्या हातात घेतली.

स्टेजच्या कडेला क्लोव्हिसकाका खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीचे, छाती भरदार. गावच्या प्रत्येक नाचाची पावलं ओरडून सांगायचा मान त्यांचा, आणि तो त्यांनी कोणाला पन्नास वर्षांत दिला नव्हता. बसल्या बसल्या त्यांचे दोन्ही पाय फळीवर ताल धरू लागले. ते उठले आणि गरजले, "फेर धरा! डावीकडे!"

फेर निघाला, आणि दुसऱ्याच वळणाला कोसळला. आठवं पाऊल टाकायला मात्राच नव्हती. मासळीवाला आपल्या सासूवर आदळला. हशा पिकला.

"थांबा!" काका आमच्यावर ओरडले. "एक मात्रा खाल्लीत तुम्ही! कुठे गेली ती?"

"सातच आहेत!" मी वाजवता वाजवताच ओरडले. "तीन आणि चार!"

"मग आधी सांगायचं ना, पोरी! मी काय ज्योतिषी आहे?" ते लोकांकडे वळले. "हात धरा! तीन पावलं आत, चार बाहेर!"

आणि जमलं. तीन आत, चार बाहेर. शंभर बूट एकदम पडले की फरशी खालून घुमायची. नॉर्मां दात काढून हसत होता. फक्त एका गोष्टीचा हिशेब कोणीच केला नव्हता. दर खेपेला फेर एक पाऊल बाहेर सरकत होता. बघता बघता माणसं भिंतीला टेकली, हात ताणले गेले, आणि एक आजी खुर्चीवर चढली तरी पाय आपटायची थांबेना.

"काका, भिंत!" फेर्नांद किंचाळली.

"दिसतेय मला! उलटं करा! चार आत, तीन बाहेर!"

फेर आत येऊ लागला, इतका की सगळं गाव मध्ये एका गठ्ठ्यात चेंगरलं. तेव्हा काकांनी पुन्हा उलटवलं. माझा भाग सहा मिनिटांचा होता, पण त्या दिवशी तो संपेचना. मी थांबायची खूण करायला रेझाँकडे पाहिलं, तर तो स्टेजवर नव्हताच. गिटार गळ्यात तशीच, वायर पुरेल तिथपर्यंत तो खाली उतरला होता. त्याचा चेहरा घामाने भिजलेला, आणि फेर आत आला की तोही आत, बाहेर गेला की तोही बाहेर.

संपल्यावर आम्ही रस्सा खायला बसलो. रेझाँने पावाने वाडगा पुसून घेतला. मग म्हणाला, "पहिला भाग फार लांब आहे आपला."

"आहेच," मी म्हणाले.

"आणि या सात मात्रा... काकांना कशा पटकन कळल्या?"

"माझे आजोबा अशाच लंगड्या धुनी वाजवायचे," काका तोंडात पाव कोंबत म्हणाले. "पण तुझ्यापेक्षा वेगात, हं. तू जरा झोपाळू वाजवतोस."

रेझाँ हसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या आत्याचं ते काय होतं? परत सांग."

मी सांगितलं, आणि धूनही गुणगुणून दाखवली.

उन्हाळ्यात रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा मी अट घातली, की काकांच्या पायांचा ताल रेकॉर्डवर हवाच. ते बसने मॉन्ट्रियलला आले. सोबत पाय आपटायची स्वतःची फळी आणि फेर्नांदने दिलेली मांस भरून भाजलेली पेस्ट्री. स्टुडिओतल्या माणसाने गालिचा अंथरला तर काका म्हणाले, "हा काढ आधी. मी काय मांजर आहे?" एका दमात घेतलं आम्ही ते. शेवटी ते धापा टाकत हसतात, तेही ठेवलं.

रेकॉर्ड फार खपली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे आधी खुर्च्या कडेला लावायला सांगायचो. मॉन्ट्रियलची ती डोळे मिटणारी पोरंही उठली, धडपडली, शिकली. एकोणऐंशीत बँड फुटला. लोकांना तोवर दुसरंच काही हवं होतं, आणि लुसियँला मुलं झाली होती. आता मी बहात्तर वर्षांची आहे. कोणी विचारलंच, तर आवाज न उतरवता सांगते, आम्ही फार चांगलं वाजवायचो.