पडलेल्या दाताचं माप

मी पट्टी बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे. शिंप्याच्या गळ्यातली तर मुळीच नव्हे, तिला आम्ही पट्टी मानतच नाही, नुसती लोंबत असते मेली. मी अस्सल पोलादाची. वीतभरही नाही, पण कण्यात वाकडेपणा नाही. माझं काम एकच, माणसाचं तोंड किती उघडतं ते मोजायचं. हसताय? हसा. तुमचं तोंड उघडतंय म्हणून हसता येतंय.

खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. स्वतःच्या हाताची तीन बोटं जुळवा, उभी करा आणि तोंडात घाला. गेली? मग तुमचं बरं चाललंय. आता निवांत बसून माझं ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. पत्र्यातून कापलं, घासून घासून गुळगुळीत केलं, एका टोकाला खालच्या दातावर टेकायला खाच पाडली आणि अंगभर रेघा कोरल्या. रेघा कोरणारा कारागीर दिवसभर काहीबाही गुणगुणायचा, पण हात तसूभर हलू द्यायचा नाही. त्याने मला उजेडात धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "ही खोटं बोलायची नाही." मी ते मनावर घेतलं. फारच घेतलं, असं आता वाटतं.

तिथून मी आले दातांच्या आणि जबड्याच्या रुग्णालयात. दुसरा मजला, हिरवा पडदा, टिपटिप गळणारा नळ आणि कायम लवंगेच्या तेलाचा वास. खिडकीखाली बसस्थानक. प्रत्येक तोंडानंतर मला वाफेच्या डब्यात उकडून काढायचे. पहिल्यांदा जीव नकोसा झाला, मग अंगवळणी पडलं.

माणसांची एक गंमत सांगते. "आ करा" म्हटलं की ती आधी डोळे मिटतात. तोंड दाखवायची त्यांना फार लाज. कुणी आधीच माफी मागतं, "डॉक्टर, सकाळी कांदा खाल्लाय हो." दुसऱ्याची उणीदुणी काढताना याच तोंडांचे पट्टे कसे सुटलेले असतात, ते बाहेरच्या बाकावर ऐकावं.

या विभागाच्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. हनुवटीवर आपटलं की पुष्कळदा जबडा कानापुढच्या सांध्यापाशी मोडतो. मग दोन्ही जबडे तारेने बांधून ठेवतात. हाड जुळतं, पण तारा काढल्यावर तोंड उघडत नाही. तेव्हा रोज व्यायाम करावा लागतो, नाहीतर सांधा धरतो तो धरतोच. हा व्यायाम लाकडी काड्यांची चळत दातांत घालून करावा की नव्या स्प्रिंगच्या यंत्राने, हे बाईंना शोधायचं होतं. निम्म्या रुग्णांना काड्या, निम्म्यांना यंत्र.

आणि एक नियम होता. व्यायाम देणाऱ्या ताई पडद्याच्या अलीकडे, मोजणारे डॉक्टर पलीकडे. रुग्णाला काय दिलंय ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. मागचं मापही त्याला दाखवायचं नाही. मोजताना रुग्णाने बोलायचं नाही, डॉक्टरने विचारायचं नाही. बाई म्हणायच्या, "कळलं की हात नकळत एखादी रेघ जास्त वाचतो. मन झुकतंच." बरोबरच होतं त्यांचं. मी स्वतः त्या नियमावर बेहद्द खूश होते. बडबड नाही, भिडभाड नाही, फक्त मी आणि दात.

अशात एके दिवशी खुर्चीत भोंगाकाका येऊन बसले.

चेहरा मी प्रथमच पाहत होते, पण आवाज ओळखीचा होता. खालच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारे ते. आवाज असा खणखणीत की सगळे त्यांना भोंगा म्हणत, आणि ते त्या नावाला ओ देत. "तीन नंबरच्या फलाटावर गाडी लागलेली आहे. धावू नका, धावू नका, थांबा. तुम्हाला घेतल्याशिवाय ती जात नाही." रोज खिडकीतून हे ऐकत मी वाफेतून निघून गार होत असे. मधे कित्येक दिवस तो आवाज बंद होता. काका स्थानकाच्या ओल्या पायऱ्यांवर घसरून हनुवटीवर आपटले होते. जबडा मोडला, वरचा पुढचा उजवा दात हलायला लागला.

आता तारा निघाल्या होत्या आणि तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. बरोबर त्यांची लेक होती. ती ताईंना म्हणाली, "स्थानकाच्या साहेबांनी बाबांची जागा अजून भरलेली नाही. पण किती दिवस वाट बघतील? यांना बोलता आलंच पाहिजे."

"येईल गं," काका दातांतल्या दातांत म्हणाले. "भोंगा आहे मी. गंज चढलाय, घासला की वाजेल."

त्यांच्या वाट्याला यंत्र आलं. पलीकडे मोजायला तेव्हा एक शांत डॉक्टरीणबाई होत्या. माझी खाच खालच्या दातावर टेकवायच्या आणि वर, त्या उजव्या दाताच्या धारेपाशी, रेघ वाचायच्या. दर खेपेला माप थोडंसं वाढे. एखादी रेघ, कधी दोन. कासवाची चाल, पण चाल होती. मला आनंद व्हायचा. पोलादाला होतो आनंद, कोणाला सांगत नाही इतकंच.

मग डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि चष्मेवाले डॉक्टर आले. सज्जन माणूस. मला दोनदा पुसायचे, तीनदा वाचायचे.

त्याच सुमारास घरी यंत्र लावताना काकांचा तो हलणारा दात निघून आला. काकांनी तो कागदाच्या पुडीत बांधून आणला आणि ताईंना दाखवला. ताई हळहळल्या, पण घाबरल्या नाहीत. दात नसेल तर शेजारच्या दातापासून मोजायचं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पलीकडे दिसेलच की, असं त्यांना वाटलं. आणि पलीकडे जाऊन सांगायचं तर नियम आडवा येत होता.

पलीकडे चष्मेवाल्यांनी तोंडात पाहिलं. उजवा दात नाही. अपघातातच गेला असणार, असं ते समजले. नोंदीत मोजायची जागा उजवीकडचीच लिहिलेली, म्हणजे आधीच्या बाई इथे हिरडीपासूनच मोजत असणार, मग आपण मोजायची जागा कशी बदलायची? मागचं माप समोर असतं तर शंका आली असती. ते झाकलेलं होतं. विचारायची सोय नव्हती. काकांनी डोळे मिटून आ केला, आणि डॉक्टरांनी मला दाताच्या धारेऐवजी थेट हिरडीला टेकवलं.

अहो, तिथे दात नव्हता! दाताच्या उंचीएवढी पोकळी होती! ती सगळी पोकळी माझ्या मापात जमा झाली. मी किंचाळले. पण पट्टीचं किंचाळणं कोण ऐकणार? डॉक्टरांनी तीनदा वाचलं, तिन्हीदा तेच आलं आणि त्यांनी ते लिहून टाकलं.

माप कळल्यावर पडद्याच्या अलीकडे आनंदीआनंद झाला. ताईंनी टाळी वाजवली. मोठ्या बाई खोलीतून बाहेर आल्या आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जिंकलात तुम्ही. तुमच्या गटात सगळ्यात पहिले." ठरलेल्या मापाच्या पुढे गेलेल्याचं यंत्र काढून दुसऱ्या रुग्णाला द्यायचं, असं ठरलं होतं. काकांचं यंत्र निघालं.

 दारापाशी लेक मात्र हळूच म्हणाली, "बाबा, घास तर अजून तेवढाच जातो तुमचा. काल केळंसुद्धा कुस्करून दिलं मी."

"अगं, जाईल हळूहळू. मोजलंय ना त्यांनी?"

"मोजलंय, पण..."

"पोलादाची पट्टी आहे ती. ती कशाला खोटं बोलेल?"

हे वाक्य माझ्या अंगावरच्या कुठल्याही रेघेपेक्षा खोल कोरलं गेलंय. मला सगळ्यांनी विचारलं. काकांना कोणी विचारलं नाही. "घास केवढा जातो? तीन बोटं जातात का?" एवढं जरी कोणी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बोटं तर सगळ्यांच्याच हाताला होती.

काका कामावर गेले. खिडकीतून मी कान लावून बसले. आवाज तोच, पण शब्द तोंडातच कोंबून बसलेले. तीन म्हणाले की तेरा, कळेना. लोक या फलाटावरून त्या फलाटावर पळायला लागले. "धावू नका" हे मात्र मला ओळखू यायचं, कारण मला ते पाठ होतं. काही दिवसांनी तिथे घोषणांच्या यंत्रातली बाई बोलायला लागली. स्वच्छ बोलते. थांबा म्हणून कोणाला सांगत नाही.

काही महिन्यांनी काका परत आले. आता एक बोटही धड जात नव्हतं. मोठ्या बाईंनी स्वतः मला हातात घेतलं. त्यांनी ती दाताची रिकामी जागा पाहिली आणि त्यांचा हात थांबला. मला आधी हिरडीला लावलं, मग शेजारच्या दाताला. दोन उत्तरं आली. त्यांनी ताईंना आणि चष्मेवाल्यांना बोलावलं.

"हा दात कधी पडला?"

"यंत्र लावताना," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, मोजताना दिसेलच."

"मला वाटलं, पहिल्यापासूनच नाहीये," चष्मेवाले म्हणाले.

"मग विचारलं का नाही?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "विचारायचं नाही असंच ठरलं होतं ना, मॅडम."

बाई स्टुलावर बसल्या. मग उठल्या आणि काकांसमोर जाऊन सरळ म्हणाल्या, "चूक आमची झाली. तुमचं तोंड उघडलेलंच नव्हतं. व्यायाम चालू राहायला हवा होता, तो आम्ही थांबवला. आता सांधा धरलाय. शस्त्रक्रिया करून मोकळा करता येईल. मी स्वतः करीन."

लेक रडायला लागली. काकांनी तिचा खांदा थोपटला आणि बंद दातांतून एकेक शब्द ढकलत विचारलं, "नंतर... मोजणार... कोण?"

 काका नमस्कार करून गेले ते पुन्हा आलेच नाहीत.

संशोधन पुरं झालं, छापूनही आलं. बाईंनी काकांच्या बाबतीत झालेली चूक लपवली नाही, त्यात तेवढं लिहिलं, "मोजणीतील चुकीमुळे एका रुग्णाची नोंद वगळली." खाली फलाटावर कित्येक वर्षं घुमलेला आवाज, आणि त्याचं झालं एवढंसं वाक्य. चष्मेवाले त्यानंतर मला हातात घेताना आधी रुग्णाशी बोलायचे. नियम बदलला होता. बदलतात नियम, पण कोणाच्या तरी जबड्यावरून गेल्यावर.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकलं आणि जिना उतरून थेट बसस्थानक गाठलं. साहेबांनी काकांना हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं होतं. तिथे फारसं बोलावं लागत नाही. मागे फळीवर छत्र्या, एका पायाचा बूट, कोणाची तरी कवळी.

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "एकदा मोजू द्या मला. इथेच."

काकांनी आ केला. बाईंनी शेजारच्या दातापासून मोजलं. काकांनी हात पुढे करून मला मागून घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं, रेघांवरून अंगठा फिरवला. मग सावकाश म्हणाले, "हिचं... काही... चुकलं नाही. जिथं... टेकवली... तिथून... मोजलं."

मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो. भंगारात फेकलं असतं तरी चाललं असतं.

बाई डोळे पुसत निघून गेल्या. मला परत मागायचा धीर त्यांना झाला नाही. तेव्हापासून मी या फळीवर आहे, छत्र्या आणि बुटाच्या शेजारी. सकाळी खिडकी उघडायच्या आधी काका मला खाली घेतात. लेकीने आणून दिलेल्या काड्यांची चळत दातांत धरून बसतात, मग लहान आरशात पाहत मला नीट शेजारच्या दाताला टेकवतात. मी खरं तेच सांगते. रोज तीच रेघ. परवा वाटलं, केसभर पुढे सरकली. पण मी मुद्दाम गप्प राहिले. आता कोणाला उगाच आशा लावायची माझी हिंमत नाही.

कधी तुमची छत्री हरवली, पिशवी राहिली, तर या खिडकीवर या. काय हरवलं ते सांगा, काकांना सगळं ऐकू येतं. ते उत्तरही देतील, पण शब्द बाहेर पडायला वेळ लागतो. घड्याळ बघू नका. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुमची गाडी लागली असेल, यंत्रातली बाई ओरडत असेल, तरीही.

धावू नका. थांबा.