एकवाढी

निकेत चार दिवसांसाठी गोडदेवला मावशीकडे उतरला तेव्हा चातुर्मास लागून दहा-बारा दिवस झाले होते. दिल्लीत संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात तो नोकरीला. विमलाबाईंनी पहिल्याच दुपारी त्याच्या ताटात थोडा भात, वालाचं बिरडं आणि एक पोळी वाढली. "यंदा माझी एकवाढी आहे हो," त्या हळूच म्हणाल्या आणि पातेल्यावर झाकण गेलं.

एकवाढी म्हणजे एकदा ताटात पडेल तेवढंच, परत वाढून घ्यायचं नाही. निकेतला एवढं ठाऊक होतं. शेवटचा वाल बोटाने टिपून तो उठला.

संध्याकाळी लॅपटॉप उघडून म्हणाला, "मावशी, जितेशदादाच्या छावणीचाच कागद आलाय माझ्याकडे. एक हेलिकॉप्टर आहे, आणखी दोन मागतायत."

जितेश विमलाबाईंचा एकुलता एक. परमुलखात शांतिसेनेच्या छावणीत होता. तिथले रस्ते सहा महिने चिखलात. पीठमीठ, औषधं, आजारी माणूस, सगळं हवेतून.

"मग देतोयस ना?"

"मी कोण देणार? मी खर्च मांडतो, साहेब सही करतात. एक पुरेसं आहे, दोन अतिरिक्त, असं लिहिलंय. आकडा ऐकलास तर चक्कर येईल तुला."

विमलाबाईंना चक्कर आली नाही. त्या फुलवाती वळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही एकच पोळी. निकेतने स्वयंपाकघराकडे आशेने पाहिलं.

"एक पुरेशी नाही का रे?" मावशीने मायेने विचारलं. निकेत पाणी प्यायला.

तिसऱ्या दिवशी एकादशी. पुढ्यात वाटीभर वरीचे तांदूळ.

"यंत्राला एकादशी असते का रे?"

"म्हणजे?"

"बंद असतं का कधी?"

"दुरुस्तीला जातंच की. महिन्यातले सहा-सात दिवस."

"त्या दिवशी जितू काय जेवतो?"

निकेतने तक्ता पाहिला. त्यात त्याने ते हेलिकॉप्टर महिन्याचे तीसही दिवस उडतं धरलं होतं. "साठा असतो त्यांच्याकडे," तो पुटपुटला.

"आणि कुणाला साप चावला, तर नेण्याआणण्याचाही साठा असतो?"

दुपारभर तो तक्त्याशी झटापट करत बसला. दुरुस्तीच्या दिवसांत बाहेरून हेलिकॉप्टर भाड्याने घेतल्याची बिलं दुसऱ्या फायलीत होती. ती धरली तर एकावर भागवणंच महाग पडत होतं.

"एक वाढवायला लिहितोय," दिवेलागणीला तो म्हणाला. "तिसऱ्याचं नाही पटत. खरंच नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

द्वादशीला पारणं. निकेतचा भात संपायच्या आत बिरड्याची दुसरी पळी ताटात आली. पाठोपाठ दुसरी पोळी.

"मावशी, तुझी एकवाढी मोडली ना गं?"

"माझी कशी मोडेल? मी परत घेतलं का कुठे? तुझी आहे असं मी कधी म्हटलं?"

निकेतने चारही दिवस आठवून पाहिले. खरंच म्हटलं नव्हतं. तो हसला आणि तिसऱ्या पोळीसाठी हात पुढे केला.

विमलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "तिसरीचं पटत नाही रे मला," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच नाही."