न पुसलेलं पातं

मी एक जुनी, झाडं छाटायची कात्री आहे. मित्रांनो, माझी मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि हल्ली बागेत पावलं वाजली की माझं मन थाऱ्यावर राहत नाही.

मला लोहाराने घडवलं आणि एका बागवालीने विकत घेतलं. सगळे तिला मावशी म्हणत. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्र पाहिल्याशिवाय ती मातीला हात लावत नसे. चंद्र चढता असला की टोमॅटो-मिरचीचं बी पेरायचं, उतरता असला की गाजर-मुळा लावायचा आणि फळझाडं छाटायची. थंडी सरत आली की माझी नुसती धांदल उडे. "हिच्यासारखी धार शोधून सापडायची नाही," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मला केवढं बरं वाटे!

एका वर्षी ऐन छाटणीच्या दिवसांत मावशीला ताप आला. मी खुंटीवर तळमळत राहिले. ती उठली तेव्हा अमावास्येला एकच दिवस उरला होता आणि पीचच्या कळ्या फुगू लागल्या होत्या.

मावशी झपाझप छाटत सुटली. कोपऱ्यातल्या पीचच्या सालीवर काळे चट्टे होते. ते झाड छाटून ती थेट तिच्याजवळ राहणाऱ्या भाचीच्या झाडाकडे वळली. भाचीने ते कोय रुजवून वाढवलं होतं.

"मावशी, पातं पुसलंस का?" भाचीने विचारलं.

"पुसत बसले तर चंद्र थांबणार आहे का माझ्यासाठी?"

आजारी झाडाचा चीक माझ्या पात्यावर तसाच होता. आणि मी कापलं.

महिना उलटून गेला. भाचीच्या झाडाच्या फांद्या काळवंडल्या, डिंक गळू लागला. भाची रोज तो डिंक पुसत बसे. मावशीला ते पाहवेना. तिने मला खुंटीवरून ओढलं.

"अगं, आज चंद्र चढता आहे," भाची म्हणाली.

"असू दे. उतरायची वाट पाहिली तर झाड हातचं जाईल. चूक माझी होती गं. जा, स्पिरिटची बाटली आण."

प्रत्येक घावानंतर तिने मला पुसलं. अर्धं झाड गेलं, अर्धं राहिलं. त्या वर्षी फळ धरलं नाही. पुढच्या वर्षी सात पीच आले. पहिला पीच भाचीने मावशीच्या हातावर ठेवला, तेव्हा मावशीला पटकन खाववेना.

मित्रांनो, माझं कौतुक नाही केलंत तरी चालेल. पण एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेताना मला एकदा पुसा. पात्याला काय लागलं आहे ते आम्हाला कळतं, सांगता मात्र येत नाही.