आईच्या आवाजाची प्रत

फुकट वाटलेल्या वस्तूला किंमत नसते, हे वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला, विनीतला, इतक्यांदा ऐकवलंय की लालबागच्या आमच्या घराच्या भिंतींनाही ते पाठ झालं असेल.

बाबांची नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून आई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. मग आईलाच कॅन्सर झाला. विनीत प्रोग्रामर. त्याने तिच्यासमोर माइक ठेवून तीन महिने वाक्यं वाचून घेतली आणि त्यातून फोनवरचा कुठलाही मराठी मजकूर तिच्या आवाजात वाचणारा प्रोग्राम बनवला. आईची एक खोड होती. परिच्छेद संपला की ती मालवणीत विचारायची, "आयकतास मां?" बाबांनी "हं" म्हटलं की मगच पुढे. विनीतने तेही तसंच ठेवलं. आणि हे सगळं, कोडसकट, इंटरनेटवर टाकून दिलं. कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं.

"पंगतीतला वाढपी आहेस तू," मी म्हणाले. "बसेल त्याच्या पानात वाढतोस."

"पण हे वाढून संपत नाही ना, ताई."

आई गेली. बाबांचं "हं" चालूच राहिलं.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. कंपनीला मराठी आवाज हवा होता, तेव्हा आईचा मीच सुचवला. विनीत नोकरी सांभाळून रविवारी एकटा चुका दुरुस्त करत बसायचा. आमच्याकडे त्याच कामाला वीस माणसं होती. आई लाखो लोकांच्या फोनवर बोलेल, या कल्पनेने मी हरखून गेले होते. अट एकच होती: आवाज फक्त कंपनीचा, आमच्याकडच्या सगळ्या प्रती पुसायच्या. विनीत नाही म्हणाला. मी रडले, प्रमोशन अडकलंय हेही सांगून टाकलं, आणि शेवटी एकही प्रत ठेवायची नाही, अशी त्याला बाबांची शपथ घातली. माझ्यासमोर बसून त्याने एकेक प्रत पुसली, इंटरनेटवर टाकलेलीसुद्धा. दुसऱ्या कोणी गुपचूप एखादी ठेवली असती. पण आमच्या घरात शपथ म्हणजे शपथ.

कंपनीने आवाज छान घासूनपुसून घेतला. "आयकतास मां?" तेवढं कापलं. परिच्छेद संपला की बाबा वाट बघायचे आणि आई आपली पुढचं वाचत सुटायची. तरी आई होती. दोन वर्षांनी गिऱ्हाईक पुरेसं नाही म्हणून कंपनीने मराठीच बंद केलं. एका सकाळी फोन अपडेट झाला आणि कोणी परकीच बाई पेपर वाचू लागली.

"गो श्रेया," बाबा म्हणाले, "तुझी आवस खंय गेली?"

मी माझ्याच कंपनीला नऊ ईमेल केले. नऊ तक्रार क्रमांक मिळाले. फाइली जुन्या सर्व्हरबरोबर गेल्या होत्या. करार तेवढा शाबूत होता.

विनीत रोज मागे लागायचा, "ताई, वापरणाऱ्यांच्या जुन्या ग्रुपवर एकदा विचारू दे. कोणीतरी तेव्हाच उतरवून घेतलं असेल. फक्त शपथ सुटली म्हण."

"माझी नोकरी जाईल."

नोकरीचं निमित्त होतं. ज्यांना मी इतकी वर्षं फुकटे म्हणत आले, त्यांच्यापुढे हात पसरायची मला लाज वाटत होती. असे चार महिने गेले. बाबांनी आधी फोन हातात घेणं सोडलं, मग जेवण कमी केलं. दारात पाऊल वाजलं की विचारायचे, "इली काय ती?" फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी विनीतला म्हणाले, "सुटली."

लॅपटॉप उघडून त्याने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. वीस मिनिटांत उत्तर आलं. शीव कोळीवाड्यात राहणारे बुद्धभूषण नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी लिहिलं होतं: "मला दिसत नाही. गेली पाच वर्षं या काकूच मला पुस्तकं वाचून दाखवतात. सगळं जपून ठेवलंय, काही उच्चार सुधारलेत, तेही पाठवतो. काकूंना माझा नमस्कार सांगा. ऐकताय ना, असं त्या मालवणीत विचारतात, तेव्हा मी रोज हं म्हणतो."

आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आई रोज बोलत होती. फक्त विचारायचं होतं.

विनीतने बाबांच्या फोनवर प्रोग्राम चढवला, त्या दिवसाचा पेपर उघडला आणि फोन त्यांच्या खाटेवर ठेवला. आईने पहिला परिच्छेद वाचला आणि थांबली.

"आयकतास मां?"

विनीत तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. मी फोन बाबांच्या उशीजवळ सरकवला.

थोडा वेळ वाट बघून तिने पुन्हा विचारलं.