सात फूट पाणी

मी तलावातला खांब बोलतोय. सिहोऱ्याकडच्या एका तलावात, पाणी सोडायच्या दरवाजाजवळ मी उभा होतो. मूळचा जंगलातला साग. चौऱ्याहत्तर साली मला तासून अंगावर फुटांचे आकडे रंगवले आणि गाळात रोवलं. माझं डोकं दरवाजाच्या भिंतीच्या अगदी बरोबरीला आलं होतं.

रोज सकाळी आठला चौकीदार तेजराम यायचा, डोळे बारीक करून माझा आकडा वाचायचा आणि कार्डावर लिहून भंडाऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत पाठवायचा. मला भारी कुतूहल! तिथे एवढ्या आकड्यांचं करतात तरी काय? हळूहळू कळलं. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाणी सात फूट असलं तर दरवाजा पूर्ण उघडायचा. कमी असलं तर शेतांना पाण्याची पाळी लावायची, म्हणजे शेवटच्या शेतालाही थोडं थोडं मिळतं. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघतात म्हटल्यावर मी जरा फुगलोच.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव आटला. लोक शेतात टाकायला गाळ न्यायला आले. माझ्या बुडाशी गाळ काळाभोर, म्हणून सगळ्यांच्या कुदळी तिथेच. त्यात पार्वताबाईही होती. तिच्या दोन बांध्या, धानाची छोटी शेतं, कालव्याच्या अगदी शेवटी, जमीन हलकी. तिने टोपल्यांवर टोपल्या नेल्या.

पावसाळ्यात मी हळूच खाली खचलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं, पाणीच चढतंय!

ऑक्टोबरात तेजरामने सात फूट लिहिलं. दरवाजा पूर्ण उघडला. वरच्या शेतकऱ्यांनी बांध्या तुडुंब भरून घेतल्या. चौथ्या दिवशी पार्वताबाई तरातरा तलावाच्या बांधावर आली.

"तेजरामभाऊ, दरवाजा उघडला तवा आकडा किती होता?"

"सात. काहून?"

"मागल्या साली सात होता तवा माहा धुण्याचा गोटा बुडून होता. औंदा दरवाजा उघडाच्या पयलेच कोरडा होता."

"गोटा सरकला असन, बाई. हा सरकारी खांब हाये, हा कसा चुकन?"

"चार माणसाइले हालत नाही तो गोटा!"

तेजराम पहिल्यांदाच आकडा सोडून माझ्याकडे नीट बघू लागला. माझं डोकं भिंतीच्या दीड फूट खाली होतं. म्हणजे त्या दिवशी पाणी सात नव्हतंच, साडेपाच फूट होतं.

पार्वताबाईने माझ्या बुडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "इथला गाळ त मीच नेला, भाऊ."

दरवाजा लगेच बंद झाला, पाळी लागली. पण पाणी तिच्या वरच्या बांधीपर्यंतच पोचलं. खालच्या बांधीतलं धान उभ्या उभ्या वाळलं.

आता माझ्या जागी सिमेंटचा खांब आहे. मी तलावाच्या बांधावर आडवा पडलोय, लोक माझ्यावर बसून बिडी ओढतात. तुम्ही कधी आलात तर नव्या खांबाचा आकडा जरूर वाचा. पण तो कशावर उभा आहे, हेही जरा वाकून बघा.

मला उपटत होते तेव्हा पार्वताबाई तिथे होती. कोणीतरी मला लाथ मारली. ती म्हणाली, "त्याले कायले मारता? त्याच्या पायाखालचं आपणच त काढलं." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वाळलेली बांधी तिची होती.